मदत हवी आहे : चिलापीच्या पिल्लांचा बांधा वाहत्या पाण्यामुळे बदलतो का, हे कसे तपासावे?

नमस्कार. मी सोलापुरात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो आणि प्रकल्पासाठी उजनी जलाशयातील चिलापी (तिलापिया) माशाची पिल्ले निवडली आहेत. फुगवट्याच्या काठाशी, पाणवनस्पतींच्या आडोशाने वाढणारी पिल्ले पाठीपासून पोटापर्यंत उंच दिसतात, तर कालव्यात सापडणारी तेवढ्याच लांबीची पिल्ले सडपातळ असतात आणि प्रवाहाकडे तोंड करून एका जागी टिकून राहतात. हा फरक अधिवासामुळेच पडला, असे लिहिण्याचे धाडस मला अजून होत नाही.

रोहू आणि कटला मी मुद्दाम टाळले, कारण त्यांची बोटुकली बहुधा बीज केंद्रातून आणून सोडलेली असतात. चिलापी येथेच वीण करते आणि मादी अंडी व नवजात पिल्ले तोंडात सांभाळते. मात्र मोझांबिक चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली, नाईल चिलापी त्यानंतर आली आणि या दोन्ही जातींचा संकर होतो. त्यामुळे बांध्यातला फरक आनुवंशिकही असू शकतो.

याहून मोठी अडचण कालव्याची आहे. कालव्याला पाणी आवर्तनाने सुटते. आवर्तन संपले की डबकी उरतात, म्हणजे तेथील पिल्लू सतत प्रवाहात वाढलेले नसते, किंबहुना ते जलाशयात वाढून नंतर वाहत आलेले असू शकते. माशाच्या कानातील खड्यांवर (ओटोलिथ) रोज एक वलय उमटते, त्या वलयांवरून वय कळते. पण ते वय कोणत्या पाण्यात गेले, हे कसे ओळखावे?

क्रुशियन कार्प या गोड्या पाण्यातील माशावरील १९९२ सालचा प्रयोग वाचल्यापासून मी वर्तनाचाही विचार करू लागलो आहे. शिकारी पाईक मासा सोबत असला की या कार्पचे शरीर उंच होते आणि त्याला गिळणे अवघड जाते. पुढील संशोधनात असे दिसले की घाबरलेला मासा कमी पोहतो आणि त्याची वाचलेली ऊर्जाही या वाढीला हातभार लावते. तसे असेल तर फुगवट्यातील उंच बांधा संथ पाण्यामुळे आला, की शिकारी मरळ माशाच्या भीतीने पिल्ले वनस्पतींत दडून राहिल्यामुळे, हे दोन्ही ठिकाणची मापे घेऊन कळणार नाही, असे मला वाटते.

म्हणून एकाच मादीच्या तोंडातील पिल्ले दोन टाक्यांत विभागून, खाद्य व तापमान सारखे ठेवून, एका टाकीत पंपाने प्रवाह द्यावा, असा विचार आहे. तीन सेंटिमीटरच्या पिल्लाला दर सेकंदाला स्वतःच्या किती लांबीइतका वेग झेपतो? एकाच मादीची पिल्ले पुरेशी ठरतील, की अनेक माद्यांची पिल्ले घेऊन प्रत्येक कुटुंब दोन्ही टाक्यांत वाटावे? फॉर्मालिनमध्ये पिल्ले आकसतात, म्हणून छायाचित्रे जिवंतपणीच घ्यावीत असे ठरवले आहे. त्यासाठी पिल्लू सरळ व स्थिर कसे ठेवावे, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया तपशीलवार सांगावे.