गुराबेच्या तोफा पुढे, इंग्रजी जहाजाच्या बाजूला, असं का?

दांडियाबाजारकर
नमस्कार. बडोद्यात आमच्या वाड्याच्या अंगणात दर दिवाळीला किल्ला होतो. यंदा पोरानं विजयदुर्गच हवा म्हणून हट्ट धरला. माती, पोती, अळीव नेहमीचंच, पण खाडीसाठी माझी कणकेची परात गेली. तिच्यात आइसक्रीमच्या काड्यांच्या दोन गुराबा (आंग्र्यांच्या आरमारातली लढाऊ जहाजं), चार गलबतं (वल्ह्यांच्या लहान होड्या) आणि एक मोठं इंग्रजी जहाज. तोफा म्हणजे कापलेल्या रिफिली. चित्रात बघून त्यानं गुराबेच्या दोन तोफा नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लावल्या, इंग्रजांच्या मात्र सगळ्या दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूंना. आता विचारतो, "आई, इंग्रजांना समोर मारायचं नव्हतं का?" सहावीतल्या मुलाला कळेल असं कुणी सांगेल का?

रावपुऱ्याचा खलाशी
ताई, पोरानं नेमकं मर्मावर बोट ठेवलंय. माझी एकतीस वर्षं जहाजावर गेली. तीही डिझेलच्या, पण शिडाच्या लढायांचा नाद लहानपणापासूनचा.

जहाज लांब आणि अरुंद. पुढे-मागे दोन-चार तोफा मावतात, कुशीला तीन मजल्यांवर पन्नास. इंग्रज आरमारप्रमुख नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर एकूण १०४ होत्या. म्हणून मारा आडवा. आणि मारा आडवा म्हणून जहाजं एकामागे एक, रांगेत. इंग्रजांनी १६५३ मध्ये तसे लेखी हुकूमच काढले. रांगेत प्रत्येकाची उघडी पिछाडी मागचा सांभाळतो.

पिछाडी हीच दुखरी जागा. तिथे खिडक्या आणि पातळ लाकूड. मागून शिरलेला गोळा थेट नाळेपर्यंत माणसं कापत जातो. फ्रेंच-स्पॅनिश आरमाराशी झालेल्या ट्रॅफल्गारच्या लढाईत, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, नेल्सननं मुद्दाम शत्रूच्या रांगेत काटकोनात जहाजं घातली. जवळ जाईपर्यंत त्यांचा मारा अंगावर घेतला, आणि मग 'व्हिक्टरी'नं फ्रेंच निशाणाच्या जहाजाच्या मागून जाताना डाव्या कुशीचा सगळा मारा त्याच्या पिछाडीत ओतला.

आता गुराब बघा. तळ उथळ, नाळ लांब आणि सखल, तिच्यावरून थेट पुढे रोखलेल्या दोन जड तोफा. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी डुलत राहतं. तेव्हा वल्ह्यांची गलबतं गुराबेला दोरानं ओढत त्याच्या मागे आणून उभी करायची. आंग्र्यांची माणसं तिथून डोलकाठ्या, शिडं मारायची. जहाज पांगळं झालं की गलबतांतली माणसं वर चढायची. जी दुखरी जागा नेल्सननं गाठली, ती गाठायलाच गुराब बांधलेली होती, तीही त्याच्या कितीतरी आधी. कान्होजी १७२९ मध्येच गेले.

परातीतच दाखवा त्याला. गुराब इंग्रजी जहाजाच्या मागे ठेवा आणि तिच्याकडे किती रिफिली वळलेल्या आहेत ते मोजायला सांगा.

बिलीमोरेकर
काकांनी छान सांगितलं. पण विजयदुर्गच केलाय तर १७५६ पण सांगा. फेब्रुवारीत इंग्रज आरमारप्रमुख वॉटसन मोठी जहाजं घेऊन खाडीत शिरला, क्लाइव्ह बरोबर होता. तेव्हा विजयदुर्ग असलेल्या तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याखाली एकमेकांना बांधून उभं होतं. मागं पळता येईना, पिछाडी गाठता येईना. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर गोळा पडून आग लागली. बांधलेलं आरमार, एकाचं दुसऱ्याला लागत सगळं जळालं. आणि त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे मला आजही सोसत नाही. आंग्र्यांशी कितीही वैर असो, ते आरमार आपलंच होतं.

दांडियाबाजारकर
काका, परातीत मोजलं. मागून फक्त दोन रिफिली, कुशीकडून बारा. तो बराच वेळ गुराब पुढं-मागं करत बसला होता.

बिलीमोरेकर, तुमचं वाचून दाखवलं. गुराबा वाहून जाऊ नयेत म्हणून त्यानं दोन्ही दोऱ्यानं एकत्र बांधून किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवल्या होत्या. काही न बोलता उठला, कात्री आणली आणि दोरा कापला. आता विचारतोय, एका गुराबेला ओढायला किती गलबतं लागायची?