नेरूळमध्ये टेनिस क्लब काढायचाय, सुरुवात कुठून करू?

नेरूळकर
मंडळी, आमचा एक ग्रुप आहे, रविवारी पारसिक हिल चढायची नाहीतर पाम बीचला सायकली काढायच्या, त्यातले निम्मे टेनिस खेळणारे पण सोसायटीच्या कोर्टवर बाहेरच्यांना घेत नाहीत, म्हणून म्हटलं आपलाच क्लब काढू, टेनिस मेन आणि जोडीला ट्रेक-रनिंग. रजिस्ट्रेशन कसं करतात? सिडकोकडून प्लॉट मिळेल का? आणि कोर्ट क्ले की सिंथेटिक?

कागदवाला
प्लॉटचं नंतर बघा हो. सिडको प्लॉट लीजवर देते, पण व्हॉट्सॲप ग्रुपला कोण दारात उभं करणार? आधी सात जण पक्के करा, १८६० च्या सोसायटीज ॲक्टला किमान तेवढे लागतात. शिवाय आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणूनही नोंदणी करावी लागते, १९५० चा कायदा आहे. क्लबच्या घटनेत उद्देश लिहिताना 'टेनिस व इतर मैदानी खेळ' असंच लिहा, नुसतं टेनिस लिहिलंत तर उद्या ट्रेकच्या खर्चावरून तुमचेच मेंबर भांडतील. आणि कमिटी बदलली की आयुक्तांकडे तसा चेंज रिपोर्ट भरायचा, तिथे भलेभले क्लब झोपलेले असतात.

बॅकहँड
खेळाची रेषा ७८ बाय ३६ फूट, पण मागे-बाजूला पळायला जागा धरून १२० बाय ६० लागते, म्हणजे एका कोर्टला ७२०० स्क्वेअर फूट. लांबी उत्तर-दक्षिणच ठेवा नाहीतर सकाळ-संध्याकाळ एकाच्या डोळ्यात ऊन. क्ले गुडघ्यांना बरं, मला स्वतःला तेच आवडतं, पण रोज पाणी मारा, रोलर फिरवा आणि आपल्या पावसात जून ते सप्टेंबर विसरा. सिंथेटिकच घ्या, उतार नीट काढून.

येऊरप्रेमी_ठाणे
मी उलटं सांगतो, कोर्ट बांधूच नका. इंग्लंडातल्या लेमिंग्टनला १८७० च्या दशकात चौघांनी टेनिस क्लब काढला तो हॉटेलशेजारच्या लॉनवर, तुम्हाला पहिल्याच वर्षी प्लॉट कशाला? तासावर भाड्याने घ्या, सकाळचे स्लॉट एकदम बुक केले तर भाव पण करता येतो. ट्रेकला येऊरला आलात तर तो नॅशनल पार्कचा भाग आहे, आत शिरायच्या आधी वनखात्याला विचारा.

बॅकहँड
भाड्याच्या कोर्टवर संध्याकाळी पिकलबॉलवाले असतात हो! एका टेनिस कोर्टात त्यांची चार छोटी कोर्टं बसतात, मालक आपल्याला कशाला देईल?

नेरूळकर
सकाळचेच घेऊ मग. सात नावं आहेत, त्यात एक सीए, तो आत्ताच खजिनदार व्हायला नाही म्हणतोय 😀 चेंज रिपोर्ट किती दिवसांत भरायचा असतो?

कागदवाला
बदल झाल्यापासून ९० दिवस. सीएला सोडू नका.