जेम्सटाउन : नदी समोर असून माणसं उपाशी कशी मेली?

ऋताचीआई
नमस्कार मंडळी. आम्ही व्हर्जिनियात राहतो. लेक चौथीत आहे, शाळेत सध्या जेम्सटाउन, म्हणजे इथली इंग्रजांची जुनी वस्ती, चालू आहे. १६०९-१०च्या हिवाळ्यात तिथली बहुतेक वस्ती उपासमारीने संपली, हे ऐकून ती विचारते, "आई, समोर एवढी मोठी नदी, मग मासे का नाही धरले?" मी वाचलं त्यात एवढंच होतं की बरेचसे बडे घरचे होते, कष्टाची सवय नव्हती. मला ते पटत नाही. कुणी नीट सांगेल का?

खाडीकाठ
ताई, पटू नयेच. मी त्या जागी चार-पाच वेळा जाऊन आलोय आणि दर वेळी आधी पाण्याकडे बघतो, कारण माझं लहानपण कोकणात खाडीकाठी गेलं.

१४ मे १६०७ रोजी १०४ पुरुष आणि पोरं तिथे उतरली. काठाशीच पाणी खोल, जहाजं थेट झाडांना बांधता येत. स्पॅनिश आले तर बचावालाही जागा बरी. पण जेम्स नदीच्या त्या पट्ट्यात भरतीचं पाणी शिरतं. उन्हाळ्यात वरून येणारं गोडं पाणी आटलं की नदी मचूळ होते. आमच्या खालच्या विहिरीचंही मे महिन्यात तेच व्हायचं. आई ओंजळभर पाणी चाखायची, थुंकायची आणि कळशी घेऊन वरच्या वाडीला चालू लागायची. त्यांना वरची वाडी नव्हती. त्यांच्यातल्याच जॉर्ज पर्सीने लिहून ठेवलंय : भरतीला पाणी खारट, ओहोटीला गाळ आणि घाण. पहिल्या सप्टेंबरअखेर जवळजवळ निम्मी माणसं गेली होती. जी माणसं पाण्यानेच खंगली, त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्यात दुष्काळ. तिकडच्या सायप्रस जातीच्या जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं तपासली, तेव्हा १६०६ ते १६१२ ही सात वर्षं ७७० वर्षांतली सगळ्यात कोरडी निघाली. म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, पॉहॅटन लोकांच्या, घरातच मका पुरेसा नव्हता, आणि हे इंग्रज तांब्याचे तुकडे, काचेचे मणी देऊन तोच मागत होते. नाही मिळाला तर हिसकावत होते. १६०९च्या शेवटी पॉहॅटनांचा प्रमुख वाहुनसोनाकॉक याने वेढाच घातला.

आता लेकीचे मासे. मोठा स्टर्जन समुद्रातून नदीत चढतो तो हंगामात, ऐन थंडीत तो तिथे नसतो. आणि मेढेकोटाबाहेर पाऊल टाकलं की बाण. घोडे, कुत्री, मांजरं, उंदीर, साप, शेवटी चामडं, सगळं खाऊन झालं. दोन-तीनशेंपैकी मे १६१० मध्ये साठेक उरली.

जुनीपानं
इंग्लंडहून रसद का आली नाही? ही वस्ती वसवणारी व्हर्जिनिया कंपनी तर लंडनच्या पैसेवाल्यांची होती ना?

खाडीकाठ
पाठवली होती. १६०९ मध्ये नऊ जहाजांचा ताफा निघाला, पण नवा गव्हर्नर ज्यात होता ते 'सी व्हेंचर' वादळात बर्म्युडाच्या खडकांवर चढलं. बाकीची बहुतेक पोचली, तीही वादळाने मोडकळून. धान्य थोडं, खाणारी तोंडं शेकड्यांनी वाढली. बर्म्युडावाल्यांनी तिथल्याच लाकडाच्या दोन होड्या बांधल्या आणि मे १६१० मध्ये ते पोचले. जूनमध्ये सगळ्यांनी वस्ती सोडलीही होती, तेवढ्यात नदीतच कंपनीने पाठवलेल्या लॉर्ड डी ला वॉरची रसद येत असल्याची खबर मिळाली आणि मागे फिरावं लागलं.

कंपनीचं म्हणाल तर तिचा कारभारी सर थॉमस स्मिथ. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नरही तोच. १६०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हॉकिन्सचं जहाज सुरतेला लागलं, तेव्हा लंडनच्या त्याच वर्तुळातल्या पैशावर इकडे ही माणसं मचूळ पाणी पीत होती. मला ही गोष्ट फार लागते. फायदा दिसला तो तंबाखू आल्यावर. वस्तीतल्याच जॉन रॉल्फने तो १६१२च्या सुमारास लावला. मग राबायला माणसं हवीत, म्हणून ज्याने माणूस आणला त्याला माणशी ५० एकर जमीन, आणि १६१९ मध्ये आफ्रिकेतून धरून आणलेली वीसेक माणसं अन्नधान्याच्या बदल्यात विकली गेली.

ऋताचीआई
खूप आभार दादा. मचूळ पाण्याचं तिला लगेच कळलं. सुट्टीत घेऊन जातोय.

खाडीकाठ
जरूर जा. फक्त म्युझियममध्ये जाण्याआधी तिला एक सांगून ठेवा. तिथे चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी आहे, २०१२ मध्ये सापडलेली. संशोधकांनी तिला जेन म्हटलंय. कपाळावर बारीक, उथळ, एकाशेजारी एक घाव आहेत. मेल्यानंतर भुकेल्या माणसांनी केलेले. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो.