हौशी खेळाडूंसाठी रबर ब्रिजची स्पर्धा : स्वागत की फजिती?

तापीकाठ (भुसावळ)
जळगावात या हिवाळ्यात हौशी खेळाडूंसाठी रबर ब्रिजची स्पर्धा भरवावी, असे मी सुचवले होते. (ब्रिज हा दोन जोड्यांचा पत्त्यांचा खेळ; बोललेले हात करून 100 गुण झाले की एक गेम, आणि दोन गेम आधी जिंकणाऱ्या जोडीचा रबर.) त्यावर धुळ्याच्या अप्पांनी लिहिले की, रबर ही मुळी स्पर्धाच नव्हे आणि ज्यांना मेंढीकोटच खेळायचे आहे त्यांनी ते आपल्या ओट्यावर खेळावे. हे वाचून गप्प बसवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

स्पर्धांत एरवी खेळतात त्या डुप्लिकेट ब्रिजमध्ये तेच पत्ते प्रत्येक टेबलावर फिरतात, त्यामुळे कोणी किती घोळ घातला हे निकालपत्रकावर सर्वांना दिसते. मुरलेल्या खेळाडूला तेच हवे असते. परंतु मेंढीकोट आणि लॅडीस खेळून ब्रिजकडे वळलेल्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी शेवटच्या क्रमांकाचा कागद पडला, तर तो पुन्हा फिरकत नाही. रबरमध्ये पत्ते बरे आले तर तोही एखादा रबर मारून जातो. प्रत्येक फेरीला पत्ते ओढून जोडीदार ठरवावेत, फेरी तासाभराची असावी आणि अपुऱ्या रबरला नियमाप्रमाणे एका गेमचे 300 आणि अर्धवट गेममधल्या गुणांचे 100 द्यावेत. स्टेमन आणि ब्लॅकवुड या, जोडीदाराला त्याच्या पानांविषयी विचारणाऱ्या, दोन प्रचलित बोलींपलीकडे कोणतीही सांकेतिक बोली नको.

अप्पा (धुळे)
पत्ते बरे आले तर जिंकतो, हे आपणच लिहिलेत, म्हणजे माझे काम आपणच केलेत. पहिला गेम खिशात असताना आणि समोरच्यांचा एकही गेम नसताना कोणी सहा इस्पिक (इस्पिक हुकूम धरून तेरापैकी बारा हात, म्हणजे लहान स्लॅम) बोलून केले, तर हातांचे 180, स्लॅमचे 750 आणि रबरचे 700 असे 1630 गुण एका डावात येतात. दुसरी जोडी दिवसभर नेटकी खेळून तेवढे मिळवणार नाही. आणि पत्ते ओढून मिळालेल्या जोडीदाराविषयी मला सांगू नका. एका ठिकाणी मी समोरच्यांच्या चार बदामला डबल (म्हणजे तुमची बोली फसेल, गुण दुप्पट लावा, असे आव्हान) दिले, हातात चार हुकूम होते, आणि माझ्या जोडीदाराने घाबरून पाच किलवर बोलून ते काढून घेतले. त्या गृहस्थांनी नंतर मलाच विचारले, "डबल म्हणजे तुम्ही खूश होता का?"

घ्यायचेच असेल तर शिकागो घ्या. चार डावांत फेरी संपते, वल्नरेबल (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेली जोडी) कोण हे आधीच ठरलेले असते, आणि घंटेकडे डोळे लावून बसावे लागत नाही.

शहाद्याची ताई
अप्पा, आपल्या त्या जोडीदाराची मला कणव येते. माझा प्रश्न वेगळा आहे. ही स्पर्धा पैसे लावून आहे का? रबर म्हटले की शंभर गुणांमागे अमुक इतके, ही चाल असतेच. आमच्या सासरी पत्त्यांचा विषय निघाला की आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) जुगारच आठवतो. सासूबाईंनी तर माझे दोन कॅट गंजिफा समजून चुलीत घातले होते.

वकीलसाहेब (अमळनेर)
भीती अनाठायी आहे. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, आणि 1968 मध्ये रमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीतील नशिबाची तुलना ब्रिजमधील पत्तेवाटपाशीच केली होती. मात्र त्याच निकालात असेही आहे की पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. म्हणून प्रवेशशुल्क चहा, पत्ते आणि सभागृहाच्या भाड्यापुरतेच ठेवा.

अप्पा (धुळे)
धागा स्पर्धेचा आहे की फौजदारीचा?

वकीलसाहेब (अमळनेर)
पोलीस दारात आले की दोन्हींचा होतो. आमच्याकडे एका बैठकीत बिनपैशाच्या डावावरून चौघांना चौकीत दोन तास बसवले होते, आणि गुणपत्रिकेवरचे आकडे रुपये नाहीत हे पटवताना माझा घसा बसला.

तापीकाठ (भुसावळ)
मग 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवले, ते चौकीत दाखवा.

अप्पा (धुळे)
ते डुप्लिकेटमध्ये मिळवले, रबरमध्ये नव्हे, याची नोंद करून घ्यावी.

तापीकाठ (भुसावळ)
घेतली. पैसे लावले जाणार नाहीत. एका रबरमधील फरक 1500 गुणांवर थांबवू, म्हणजे आपला तो सहा इस्पिकवाला सर्वांना गिळणार नाही. पहिल्या फेऱ्या रबरच्या राहतील. अंतिम फेरी शिकागोची ठेवू, कारण आपले समाधान होणे हीच या स्पर्धेची पहिली गरज दिसते.

अप्पा (धुळे)
उपकार झाले. मर्यादेची कल्पना वाईट नाही, एवढेच म्हणतो. मी येईन, पण डबल म्हणजे काय हे आदल्या दिवशी सर्वांना समजावून सांगावे.

शहाद्याची ताई
वेळेबद्दल मात्र कोणीच बोलले नाही. संध्याकाळी सातला सुरू करून रात्री अकराला संपवणार असाल, तर शहाद्याला परत जायचे कसे? दुपारी एक ते पाच ठेवा; मी दोन टेबलांपुरत्या बायका घेऊन येते, आणि त्यांपैकी निम्म्या मेंढीकोटवाल्याच आहेत.