सीताफळाच्या फुलात भुंगेरे दिसतायत, फवारू का?

धारूरच्या माळावर बालानगर जातीच्या सीताफळाची दीड एकर बाग आहे. फुलं मोप येतात, पण फळ धरत नाही, गळूनच जातात. परवा एक फूल उकलून पाहिलं तर आत तिळाएवढे तपकिरी भुंगेरे! आजी म्हणते, सीताफळाच्याच बियांचा अर्क मार.

उत्तर १
दादा, पंप खाली ठेवा आधी. ते भुंगेरेच तुमचे मजूर आहेत. सीताफळाचं फूल आधी मादी असतं, परागकण नंतर सुटतात. तोवर स्वतःची कुक्षी, म्हणजे पराग धरणारं टोक, बहुधा वाळलेली. म्हणून पराग दुसऱ्या फुलातून यावा लागतो. मधमाशी इकडं फारशी फिरकत नाही. आंबूस फळासारख्या वासाला भुलून हे भुंगेरेच येतात. मी मागच्या जूनमध्ये सकाळी रंगाच्या ब्रशनं पूर्ण उमललेल्या फुलाचा पराग अर्धवट उमललेल्यात लावला. कंबर मोडली, पण त्या फांद्या लगडल्या. कडक ऊन, कोरडी हवा असली की कुक्षी लवकर सुकते. पाऊस पडल्यावर बघा, फरक दिसेल.

उत्तर २
आजीचं चुकत नाही तसं. बियांत अॅसिटोजेनिन असतं, ते किड्याच्या पेशीतली ऊर्जाच बंद पाडतं. पण भुंगेरेही मरतील की वो! आणि डोळे सांभाळा. आमच्या चुलतीनं उवांसाठी या बियांची पूड डोक्याला लावली, डोळ्यात गेली. आठ दिवस अंधाऱ्या खोलीत बसून होती.

प्रश्नकर्ता
बरं झालं विचारलं. पंप भरून ठेवला होता. ब्रश आणतो आता.