शब्दचर्चा : ‘कल्चरल अप्रोप्रिएशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (ठाणे)

आमच्या वसाहतीच्या सभागृहाबाहेरील भिंतीवर वारली चित्रे काढायची आहेत आणि शेजारी लावायच्या माहितीफलकाचा मराठी मजकूर माझ्याकडे आला आहे. मूळ इंग्रजी टिपणात ‘कल्चरल अप्रोप्रिएशन’ (एका समाजाची कला वा परंपरा बाहेरच्यांनी उचलून आपल्यासाठी वापरणे) हे शब्द आहेत. कोश ‘विनियोजन’ सुचवतो, परंतु त्याने विधिमंडळातले विनियोजन विधेयक डोळ्यांपुढे येते. ‘आत्मसात करणे’ यात कौतुकाचाच सूर आहे, आणि ‘चोरी’ म्हणावे तर वस्तू मूळ मालकाकडेही शिल्लक राहते. योग्य शब्द सुचवावा.

उत्तर (डोंबिवली)

‘अपहार’ कसा वाटतो? चोर बाहेरून येतो; अपहार करणारा विश्वासातला असतो. अभ्यासासाठी म्हणून पाड्यावर चार दिवस राहून, तिथे जेवून आलेल्या माणसाने नमुने उतरवून साड्यांवर छापले, तर त्याला हा शब्द नेमका लागू पडतो.

उत्तर (घणसोली)

आम्हा आगरी लोकांना यासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. ‘संपादन’ हा शब्द आम्ही दोन्ही अर्थांनी अनुभवला आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमिनी गेल्या ते भूसंपादन. त्यात निदान मोबदल्याची भाषा होती, आणि १९८४ च्या आंदोलनात रक्त सांडल्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आता आमच्या गोष्टींचे संपादन चालू आहे. मिठागरावर राबलेल्या माणसाची बोली मालिकेत बहुधा हशापुरती येते, ती बोलणारा अभिनेता आठवड्याभरात हेल शिकलेला असतो, आणि कुठले वाक्य ठेवायचे, कुठले गाळायचे हे ठरवणारा आमच्यातला नसतो. अर्थात, फलकावर ‘संपादन’ लिहिले तर कोणाला काहीच कळणार नाही, हे मान्य आहे.

उत्तर (ठाणे, माहेर डहाणू तालुक्यातले)

मी वारली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आमच्याकडे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चौकोनी चित्र, काढत नाहीत, ‘लिहितात’. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिनी तो तांदळाच्या पिठाने लिहितात, मध्यभागी पालघट देवी असते आणि लग्न लावणारी धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रे लग्नाबाहेर, कागदावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे चित्र घराबाहेर पडले किंवा विकले गेले, ही माझी तक्रार नाही. (बायकांचे लिहिणे पुरुषांच्या नावावर कसे गेले, ही आमची घरातली चर्चा आहे, ती आम्ही करू.)

तक्रार वेगळी आहे. गेल्या दिवाळीत इथल्या बाजारात मी पालघटाचा चौक छापलेले पायपुसणे पाहिले. विकत घ्यायचे नव्हते, तरी ते उलटे करून ठेवून आले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याने मुख्यतः नाव राखले जाते. त्या पायपुसण्यावर ‘वारली’ हा शब्दच नव्हता.

म्हणून माझा शब्द ‘परस्पर’. भावाने जमीन परस्पर विकली, असे आपण म्हणतो तेव्हा विकण्यापेक्षा आपल्याला वगळल्याचा सल अधिक असतो. गंमत अशी की याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘एकमेकांशी’ असा आहे. उसने नेणारा निदान दार वाजवतो आणि परत करण्याचे बोलतो.

मूळ प्रश्नकर्ता

ताईंचे आभार. ‘विनियोजन’ खोडून ‘समाजाला न विचारता केलेला परस्पर वापर’ असे लिहिले आहे. ते लिहिताना लक्षात आले की आमच्या भिंतीसाठी निवडलेला नमुना एका दिनदर्शिकेवरून उतरवलेला असून त्याच्याही मधोमध पालघट आहे. फलक तूर्त छपाईला दिलेला नाही. ताई, तो चौक सभागृहाबाहेर चालेल का, आणि चालत असेल तर तो कोणी लिहावा, हे आपण सांगाल का?