शब्दचर्चा : मीडियन म्हणजे मध्यक की सरासरी?

प्रश्न : प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरवर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध देतात. त्याची माहिती रुग्णांच्या घरच्यांसाठी मराठीत लिहिते आहे. ८३१ रुग्णांच्या ‘व्हिजन’ चाचणीत मीडियन सर्व्हायव्हल (हयात राहण्याचा काळ) १५.३ महिने आलं, तुलनेच्या गटात ११.३. इथे ‘सरासरी’ लिहू का? आणि ‘टार्गेटेड’ला ‘लक्ष्यवेधी’ बरा वाटतो का?

प्रतिसाद : सरासरी अजिबात नको. शाळेच्या गणितात आपण मध्य, मध्यक, बहुलक शिकलो, त्यातला हा मध्यक. चाचणीचा हिशेब मांडला जातो तेव्हा बरेच रुग्ण हयात असतात, मग सगळ्यांच्या आयुष्याची सरासरी काढणार कशी? पण नुसतं ‘मध्यक’ लिहूनही घरच्यांना उलगडा होणार नाही. सरळ लिहा : ‘औषध मिळालेल्यांपैकी सुमारे निम्मे रुग्ण १५.३ महिन्यांनंतरही हयात होते. दुसऱ्या गटात हाच टप्पा ११.३ महिन्यांवर आला.’ ‘बाबांच्या हातात किती महिने?’ याचं उत्तर या आकड्यात नाही, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं.

दुसरा प्रतिसाद : ‘लक्ष्यवेधी’ म्हटलं की नेम कधी चुकतच नाही असं वाटतं. हे औषध शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशींवरच्या पीएसएमए नावाच्या प्रथिनाला ते चिकटतं आणि त्यातले बीटा कण जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत पोचतात. पण लाळग्रंथीही ते थोडं शोषून घेतात, म्हणून अनेकांचं तोंड कोरडं पडतं. ‘पेशींना चिकटणारं किरणोत्सारी औषध’ लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

प्रश्नकर्ती : पटलं. तुलनेच्या गटाला ‘औषध न मिळालेले’ म्हणू?

पहिला प्रतिसादक : नको, त्याने फार गैरसमज होईल. त्यांनाही नेहमीचे उपचार चालू होते, हार्मोनची औषधं घेता येत होती; केमो मात्र दोन्ही गटांना नव्हती. ‘फक्त नेहमीचे उपचार मिळालेले’ म्हणा. आणि तुलना कशाशी होती ते दर वेळी लिहा. ऑस्ट्रेलियातल्या ‘थेरापी’ चाचणीत २०० रुग्ण होते आणि समोर कॅबाझिटॅक्सेल ही केमो होती. तिथे पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रक्तात मोजतात ते प्रथिन) निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलेले ल्युटेशियमच्या गटात ६६ टक्के, केमोच्या गटात ३७ टक्के. आयुष्य मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच, १९.१ आणि १९.६ महिने. हे आकडे ३६ महिन्यांच्या मर्यादेत, म्हणजे पहिले ३६ महिनेच धरून, काढलेली सरासरी आहेत, त्यामुळे तिथे ‘सरासरी’च लिहा, पण मर्यादेसकट. व्हिजनच्या १५.३ शेजारी ते मांडू नका.